लाइट गेली, इन्व्हर्टर चालू, तरी टीव्ही बंद का?

वाचकांचे प्रश्न

मे महिन्यात सोलापुरात दिवसभर अंगाची लाही होते आणि संध्याकाळी वळीव आला, की पहिल्या सोसाट्याबरोबर लाइट जाते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे त्यानंतरच्या तास-दोन तासांविषयी आहेत. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा अधिक दिली आहे, कारण इतरांच्या अडचणीचे मूळही त्याच उत्तरात सापडेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून जुळे सोलापुरात राहते. दोन वर्षांपूर्वी आम्ही इन्व्हर्टर घेतला. लाइट गेली की पंखा चालतो, दिवा लागतो, टीव्ही आणि सेटटॉप बॉक्सही सुरू राहतात. परंतु पडद्यावर चित्र येत नाही. केबलवाल्याला विचारले तर तो म्हणतो, 'लाइट आली की येईल.' माझ्या लहानपणी माहेरी बार्शी तालुक्यात ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लहान काळा-पांढरा टीव्ही लावून अख्खी आळी कार्यक्रम पाहत असे. तंत्र सुधारले म्हणतात, मग तेव्हा जे जमत होते ते आता का जमत नाही?

उत्तर : बाई, आपली आठवण अचूक आहे, पण तिच्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतील. आपल्या माहेरचा तो टीव्ही केबलवर नव्हता, घरावरच्या अँटेनावर होता. दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी हवेतून थेट त्या अँटेनापर्यंत येत, आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी केंद्राचे स्वतःचे जनरेटर असे. मनोरा आणि आपली आळी यांच्या मधल्या वाटेवर वीज लागेल अशी एकही वस्तू नव्हती. वीज हवी होती ती फक्त टीव्हीला, आणि त्या काळच्या अनेक लहान संचांना पाठीमागे १२ व्होल्टची जोडणी दिलेली असे. लाल आणि काळा असे दोन चिमटे बॅटरीला लावले की काम भागे. त्यामुळे गावात वीज असो वा नसो, प्रक्षेपण आपल्या दारात येऊन उभे असे.

केबलची रचना पहिल्यापासून निराळी आहे. केबलवाल्याच्या कंट्रोल रूममधून वाहिन्या फायबरच्या तारेतून प्रकाशाच्या रूपाने आपल्या भागापर्यंत येतात. तेथे एखाद्या खांबावर किंवा गच्चीच्या कठड्याला एक पेटी असते, तिला केबलवाले 'नोड' म्हणतात. प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करून ती पेटी पुढे तांब्याच्या जाड तारेत तो संकेत सोडते, आणि वाटेत तो क्षीण झाला की ठिकठिकाणी अँप्लिफायर त्याला पुन्हा बळ देतात. या नोडला आणि प्रत्येक अँप्लिफायरला वीज लागते. ती बहुधा त्याच गल्लीतील कुणाच्या तरी मीटरवरून घेतलेली असते, आणि त्या बदल्यात त्या घराला केबलचे पैसे माफ असतात. गल्लीची लाइट गेली की नोड बंद पडतो. कंट्रोल रूमचा जनरेटर धडधडत असतो आणि आपल्या घरातला इन्व्हर्टरही चालू असतो, पण मधला दुवा अंधारात असतो. आपल्या केबलवाल्याचे उत्तर तुटक असले तरी खोटे नाही.

मग यात नव्या डिजिटल तंत्राचा दोष किती? माझ्या मते निम्मा. केबलवर चालणाऱ्या घरांत जुन्या ॲनालॉग, म्हणजे डिजिटलपूर्व तंत्राच्या काळातही गल्लीतला अँप्लिफायर बंद पडला की टीव्ही बंद पडत असे, हे आपण विसरलो आहोत. केबलच्या डिजिटल होण्याचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०१३ ही मुदत घेऊन आला आणि त्या टप्प्यातील ३८ शहरांत सोलापूर होते. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. पहिली अशी, की ॲनालॉग संकेत क्षीण झाला तर चित्रावर मुंग्या येत, आवाज खरखरे, पण बातमी कळण्यापुरते काहीतरी दिसत राही. डिजिटल संकेत एका मर्यादेपर्यंत स्वच्छ दिसतो, ती मर्यादा ओलांडली की चौकटी-चौकटी होऊन गोठतो आणि पुढे काहीच उरत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. केबल गेली तर गच्चीवरचा जुना अँटेना जोडून दूरदर्शन पाहण्याची एक पळवाट तोपर्यंत उघडी होती. प्रसार भारतीने जमिनीवरचे ॲनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने आवरले, आणि सीमावर्ती व दुर्गम भागांतील मोजकी केंद्रे वगळता २०२२ पर्यंत ते संपले. अँटेनावर घेता येणारे डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत सुरू झाले, त्यांत आपल्या राज्यातून मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद होते, सोलापूर नव्हते. माहेरचा तो टीव्ही आज माळ्यावरून काढला आणि नवी कोरी बॅटरी लावली, तरी त्यावर पडद्याभर मुंग्याच दिसतील.

आता उपाय. पुढच्या वेळी लाइट गेली की आधी पडद्यावरचा मजकूर नीट पाहावा. 'नो सिग्नल' ही अक्षरे टीव्हीची स्वतःची असतील, तर बॉक्स आणि टीव्ही यांच्यामध्ये बिघाड आहे, किंवा बॉक्सचा प्लग इन्व्हर्टरवर नसलेल्या सॉकेटमध्ये आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात टीव्हीला इन्व्हर्टरची वायर होती आणि बॉक्स शेजारच्या साध्या सॉकेटवर होता. वर्षभर केबलवाल्याला बोल लावले जात होते. परंतु मजकूर सेटटॉप बॉक्सचा असेल, त्यावर केबल कंपनीचे चिन्ह किंवा एखादा क्रमांक दिसत असेल, तर बॉक्सपर्यंत संकेत पोहोचत नाही आणि दोष बाहेर आहे. अशा वेळी केबलवाल्याला एवढेच विचारावे, की आमच्या घराला येणारा नोड कोणाच्या मीटरवर आहे आणि त्याला बॅटरी आहे का. पुष्कळदा बॅटरी असते, पण उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत दोन-तीन उन्हाळे काढून ती नावापुरती उरलेली असते. नोडला लागणारी वीज घरातल्या एका लहान दिव्याइतकी असते. तो आपल्याच इमारतीवर असेल, तर केबलवाल्याकडूनच तो सोसायटीच्या किंवा एखाद्या घराच्या इन्व्हर्टरवर घेता येईल. मात्र नोडनंतर आपल्या घरापर्यंत आणखी अँप्लिफायर असतील, तर त्यांचीही तीच सोय व्हायला हवी. एकाची केली आणि दुसऱ्याची राहिली तर खर्च वाया जाईल. ही पेटी आपण स्वतः उघडू नये.

प्रश्न : पूर्व भागात आमचा चार मागांचा कारखाना घराला लागूनच आहे. लाइट गेली की माग थांबतात आणि आईला टीव्हीचा आवाज नीट ऐकू येण्याची तीच एक वेळ असते. तिला तेलुगू कार्यक्रम लागतात. केबल काढून डिश बसवली तर लाइट नसताना चालेल का? की गच्चीवरच्या छत्रीलाही वेगळी वीज द्यावी लागते?

उत्तर : वेगळी वीज लागत नाही, आणि याच कारणासाठी वारंवार लाइट जाणाऱ्या भागात मी केबलपेक्षा डिशची शिफारस करीन. छत्रीच्या तोंडाशी जो लहान डबा असतो, त्याला एलएनबी म्हणतात. त्याला १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा सेटटॉप बॉक्समधूनच होतो, आणि ज्या तारेतून चित्र खाली येते त्याच तारेतून ही वीज वर जाते. म्हणजे घरात टीव्ही आणि बॉक्स इन्व्हर्टरवर असले की साखळी पूर्ण झाली. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो आणि सूर्यप्रकाशावर चालतो. तेथे भारनियमन नाही. मधे गल्ली नाही, खांब नाही, शेजाऱ्याचे मीटर नाही.

मासिक भाडे द्यायचे नसेल तर दूरदर्शनची फ्री डिश आहे. ती डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घेतला की पुढे काही भरावे लागत नाही. तीवर आपल्यासाठी सह्याद्री आहे आणि आईंसाठी दूरदर्शनच्या यादगिरी व सप्तगिरी या तेलुगू वाहिन्या आहेत. आईंना खासगी वाहिन्यांवरच्या मालिकाच हव्या असतील, तर मात्र पैसे भरून घ्यावयाची डिश लागेल.

एक उणीव सांगितली पाहिजे. या छत्र्या ज्या लहरींवर चालतात, त्या मुसळधार पावसात आणि दाट ढगांत शोषल्या जातात. त्यामुळे वळवाचा जोर असेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे चित्र जाऊ शकते. बसवणाऱ्या माणसाने छत्रीचा रोख काटेकोर लावला असेल, तर हा खंड कमी होतो. स्वच्छ हवेत जेमतेम चालणारी छत्री पहिल्या सरीलाच दगा देते. म्हणून बसवून घेताना चित्र दिसले एवढ्यावर समाधान मानू नये. बॉक्सच्या मेनूमध्ये संकेताची ताकद आणि गुणवत्ता या दोन पट्ट्या असतात. दुसरी पट्टी जितकी भरेल तितकी भरवून घ्यावी. पाऊस ओसरल्यावर चित्र आपोआप परत येते, लाइट मात्र त्यानंतरही बराच वेळ येत नाही, आणि आईंना टीव्ही हवा असतो तो नेमका त्याच वेळी.

प्रश्न : होटगी रोडवर नवीन फ्लॅट घेतला आहे. दुकानदार १५० एएचची बॅटरी घ्या म्हणतो. तीवर ३२ इंची एलईडी टीव्ही किती तास चालेल? मित्राचे म्हणणे असे, की संगणकाचा लहान यूपीएसही पुरतो.

उत्तर : बॅटरीवरचे १२ व्होल्ट आणि १५० एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) यांचा गुणाकार १८०० वॉट-तास होतो. हा कागदावरचा आकडा आहे. इन्व्हर्टर स्वतः काही वीज खातो आणि बॅटरी तळापर्यंत उपसली तर लवकर निकामी होते, म्हणून हिशेबाला दोन-तृतीयांश, म्हणजे १२०० धरावेत. ३२ इंची एलईडी टीव्ही साधारण ५० वॉट आणि सेटटॉप बॉक्स १२ वॉट घेतो. केवळ एवढेच चालवले, तर एकोणीस तास निघतात. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून टीव्ही पाहणारा माणूस अजून जन्मायचा आहे. छताचा जुन्या पद्धतीचा पंखा ७५ वॉट आणि दोन एलईडी दिवे मिळून २० वॉट धरले, तर एकूण १५७ वॉट होतात आणि वेळ साडेसात तासांवर येते. यात लक्षात घेण्याजोगे हे, की टीव्हीपेक्षा पंखा अधिक वीज खातो. म्हणून अधिक मोठ्या बॅटरीवर पैसे घालण्याआधी बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा घ्यावा. तो ३० ते ३५ वॉटमध्ये तेवढाच वारा देतो आणि वेळ दहा तासांच्या पुढे जाते.

मित्राच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी असेल, म्हणजे ८४ वॉट-तास. प्रत्यक्षात हाती येतात त्या सुमारे पन्नास. टीव्ही आणि बॉक्स मिळून पाऊण तास चालतील, तेही बॅटरी नवी असताना. शिवाय तो सारखा टीं-टीं करीत राहतो. माझ्याकडे असाच एक होता आणि बातम्यांपेक्षा त्याचाच आवाज अधिक ऐकावा लागे. सामन्याची शेवटची पाच षटके पाहण्यापुरता तो ठीक आहे.

घेताना इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा घ्यावा. स्क्वेअर वेव्हचा स्वस्त पडतो आणि एलईडी टीव्ही त्यावरही चालतो, पण पंखा घूं-घूं आवाज करतो. बॅटरीतले डिस्टिल्ड वॉटर आपल्याकडच्या उष्णतेत लवकर उडते; पावसाळ्यात तीन महिन्यांनी पाहिले तरी चालेल, उन्हाळ्यात दर महिन्याला पाहावे. बॅटरी बंद कपाटात किंवा देवघराखाली ठेवू नये, कारण चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

जाता जाता, काही लहान एलईडी टीव्ही अजूनही १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात आणि फ्री डिशचे अनेक बॉक्सही तसेच असतात. टीव्ही खरेदी करताना मागची पट्टी वाचावी. असा जोड मिळाला, तर तो इन्व्हर्टरशिवाय थेट बॅटरीवर चालू शकतो. मात्र चार्ज होत असलेल्या बॅटरीचा दाब १४ व्होल्टच्या वर जातो, म्हणून मधे १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आणि एक फ्यूज हवा. तारांची अदलाबदल झाली, तर टीव्ही दुरुस्तीपलीकडे जाऊ शकतो.

प्रश्न : आमचे घर दक्षिण सोलापूर तालुक्यात रानात आहे. लाइट जाते तेव्हा काही होत नाही, पण येते तेव्हा नुकसान करते. मागच्या महिन्यात लाइट आली आणि सेटटॉप बॉक्समधून धूर निघाला. स्टॅबिलायझर बसवावा का?

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. लाइट गेली की टीव्ही आणि बॉक्सचे बटण भिंतीवरच बंद करावे आणि परत आल्यावर पाच मिनिटांनी चालू करावे. टीव्ही रिमोटने बंद केल्याने तो विजेपासून तुटत नाही. साध्या चढउतारासाठी एलईडी टीव्हीला सहसा स्टॅबिलायझर लागत नाही, कारण तो बऱ्याच कमी-जास्त दाबावर चालेल असाच बनवलेला असतो. धूर निघाला याचा अर्थ दाब बराच वाढला होता. वादळात न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार तुटली, की घरातल्या सॉकेटला २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब मिळू शकतो. त्याच वेळी दिवे एकाएकी प्रखर झाले असतील, तर हेच कारण असण्याचा संभव मोठा आहे. त्यासाठी वायरमनकडून मुख्य पेटीत जादा दाबाला पुरवठा तोडणारे उपकरण बसवून घ्यावे आणि घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. बाजारात मिळणारी स्पाइक गार्डची पट्टी क्षणभराचा झटका अडवते, मिनिटभर टिकणारा जादा दाब तिच्याने अडत नाही.

रानातल्या घराला आभाळातून कोसळणाऱ्या विजेचा धोका वेगळा आहे. आभाळ भरून आले, की कडकडाट सुरू होण्याआधीच प्लगबरोबर छत्रीची तारही बॉक्समधून काढून ठेवावी. कडकडाट सुरू झाल्यावर छतावर जाऊ नये.

प्रश्न : आम्ही केबलही काढली आणि डिशही. सर्व काही फायबरच्या इंटरनेटवर पाहतो. लाइट गेल्यावर टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो, पण इंटरनेट कधी चालते, कधी नाही. असे का?

उत्तर : घरी आलेली फायबर शुद्ध प्रकाशाची असेल, तर कंपनीच्या केंद्रापासून आपल्या घरापर्यंत मधे कुठेही वीज लागत नाही, वाटेत असतात ते प्रकाश विभागणारे काचेचे तुकडे. केंद्रावर बॅटरी आणि जनरेटर असतात. अशा ठिकाणी घरातल्या राउटरला वीज मिळाली की पुरे. काही स्थानिक जोडण्यांत मात्र फायबर गल्लीच्या तोंडापर्यंत येते आणि तेथील स्विचमधून घरोघरी साधी तार जाते. तो स्विच लाइट गेली की बंद पडतो, आणि त्याच्याजवळची बॅटरी भरलेली असेल तेव्हा चालतो. घरात येणारी शेवटची तार काचेची आहे की तांब्याची, एवढे पाहिले तर आपली जोडणी कोणती ते कळेल. राउटरसाठी १२ व्होल्टचा लहान यूपीएस मिळतो. इन्व्हर्टर सुरू होताना राउटर क्षणभर बंद होऊन पुन्हा चालू व्हायला जी दोन-तीन मिनिटे लागतात, ती त्याने वाचतात.

मोबाइलच्या नेटवर विसंबण्यात एक अडचण आहे. लाइट गेली की अख्खा मोहल्ला त्याच टॉवरवर येतो. सामना पाहत असाल, तर शेजारच्या ट्रान्झिस्टरवर फलंदाज बाद होऊन अर्धे मिनिट झाल्यावर तो आपल्या पडद्यावर बाद होईल.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो. त्याच्याकडेही वादळात लाइट गेल्यावर टीव्ही बंद पडतो म्हणाला. इतक्या पुढारलेल्या देशांनी या गोष्टीचा विचार आधी केला नव्हता काय? आणि आम्ही म्हाताऱ्यांनी या वेळी करावे काय?

उत्तर : अमेरिकेतील मोठ्या केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी बंद झाले. तेथील चक्रीवादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो. घरोघरी वादळासाठी म्हणून जपून ठेवलेले, सेलवर चालणारे लहान टीव्ही त्या दिवशी निरुपयोगी झाले. सरकारने जुन्या टीव्हीला जोडायच्या बॉक्ससाठी मागणाऱ्या प्रत्येक घराला ४० डॉलरची दोनपर्यंत कूपने दिली होती, परंतु ते बहुतेक बॉक्स भिंतीतल्या विजेवर चालणारे होते. विचार झाला होता तो चित्राच्या स्वच्छतेचा आणि इतर कामांसाठी मोकळ्या होणाऱ्या लहरींचा; अंधाराचा विचार मागे राहिला. जपानने मात्र डिजिटल प्रक्षेपणातच एक लहान भाग मोबाइलसाठी राखला आणि ती सेवा १ एप्रिल २००६ रोजी सुरू केली. इंटरनेट नसतानाही फोनवर टीव्ही दिसे, आणि मार्च २०११ च्या भूकंपात व त्सुनामीत लोकांना तिचा उपयोग झाला. आपल्याकडे प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर यांनी अशाच, थेट मोबाइलवर प्रक्षेपण करण्याच्या तंत्राच्या चाचण्या घेतल्या आहेत.

ती सोय येईल तेव्हा येईल. तोपर्यंत दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घ्यावा. आकाशवाणीचे सोलापूर केंद्र आहे, आणि त्याच्या लहरी आपल्या माजघरापर्यंत येताना वाटेत कुणाच्याही मीटरवर थांबत नाहीत. सेल रेडिओत घालून ठेवू नयेत, पाझरतात. रबर बँडने त्याच्या पाठीला बांधून ठेवावेत, म्हणजे अंधारात शोधावे लागणार नाहीत.